ऐश म्हणजे भाकरी, ऐश म्हणजे जगणं : महल्ला, तहरीर आणि त्यामागची दीडशे वर्षं

मागवाला

२५ जानेवारी २०२५ ला कैरोच्या तहरीर चौकात मुबारक यांच्याविरुद्ध सुरू झालेल्या उठावाच्या पहिल्या दिवसाला चौदा वर्षं झाली. त्याआधी दीड महिना, ८ डिसेंबर २०२४ ला, सीरियाचे अध्यक्ष बशर अल-असद दमास्कस सोडून मॉस्कोला पळाले. त्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आणि इथल्या दोन-तीन धाग्यांवर एकच वाक्य फिरत होतं : "तिकडच्या लोकांचं काही खरं नाही, अचानक भडकतात." त्यातला 'अचानक' हा शब्द मला फार लागला. म्हणून हा धागा.

मी इचलकरंजीचा. सूतगिरणीत फिटर म्हणून हात काळे करत शिकलो. २००७ च्या शेवटी रिंग फ्रेम (सूत कातायची यंत्रं) बसवण्याच्या कामावर इजिप्तला गेलो, तो २०११ च्या फेब्रुवारीत परत आलो. गावाचं नाव महल्ला अल-कुब्रा. कैरोच्या उत्तरेला, नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, चारी बाजूंनी कापसाची आणि भाताची शेतं. गावाच्या मधोमध 'मिस्र स्पिनिंग अँड वीव्हिंग' ही प्रचंड गिरणी. बँक मिस्र काढणारे तलत हर्ब यांनी १९२७ साली उभी केलेली, इजिप्शियन पैशातून, इंग्रज तिथे बसलेले असताना. मी काम करत होतो ते एका लहान खाजगी गिरणीत, पण गावाचं घड्याळ मोठ्या गिरणीच्या पाळीवर चालायचं. इचलकरंजीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावच्या फुटबॉल संघाचं नावसुद्धा 'गझ्ल अल-महल्ला'. गझ्ल म्हणजे सूतकताई. अरबी लिपीत ते आणि आपली गझल अगदी सारखंच लिहितात, फरक फक्त उच्चाराचा. मला ते कळलं त्या दिवशी उगाच फार आनंद झाला होता.

भाषा शिकताना दुसरी गोष्ट कळली ती भाकरीची. पुस्तकी अरबीत भाकरीला खुब्झ म्हणतात. इजिप्तमध्ये रोजच्या बोलण्यात म्हणतात 'ऐश'. ऐश म्हणजे जगणं. आपण 'ऐश करतो' म्हणतो ना, तोच शब्द. आपल्याकडे येईपर्यंत तो चैनीचा झाला, तिकडे पोटाचाच राहिला. तहरीर चौकातली जी घोषणा जगभर गेली तिचा पहिला शब्द हाच : ऐश, हुर्रिया, अदाला इग्तिमाइया. भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. क्रम बघा.

ही सरकारी भाकरी म्हणजे 'ऐश बलदी'. गव्हाची, जाडसर पिठाची, वर कोंडा भुरभुरलेली, भट्टीत टम्म फुगणारी. मी होतो तेव्हा तिची किंमत ५ पियास्तर, म्हणजे एका पौंडाला वीस भाकऱ्या. ती किंमत १९८९ पासून तीच होती. २००७-०८ मध्ये जगात गव्हाचे भाव चढले, खाजगी भट्टीची भाकरी परवडेना आणि सगळं गाव सरकारी भट्टीपुढे येऊन उभं राहिलं. पहाटे पाचला आमच्या गल्लीत दोन रांगा लागायच्या, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. त्या वसंतात देशभर रांगांमधल्या मारामाऱ्यांत माणसं गेली. मार्चमध्ये अध्यक्ष होस्नी मुबारक यांनी सैन्याला भाकऱ्या भाजायचा हुकूम दिला. हा तपशील लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

मग ६ एप्रिल २००८. मोठ्या गिरणीत संप ठरला होता. त्याची मुळं डिसेंबर २००६ मधली. पंतप्रधानांनी दोन महिन्यांच्या पगाराइतका बोनस जाहीर केला होता, हातात पडली नेहमीचीच तुटपुंजी रक्कम. तेव्हा शिवण खात्यातल्या बायका आधी बाहेर पडल्या आणि माग, कताई खात्यांत फिरून ओरडल्या : "बायका इथे आल्या, पुरुष कुठे आहेत?" वीस हजारांवर लोकांनी काम टाकलं आणि जिंकले. २००८ ला मात्र पोलीस आधीच गिरणीत घुसले, संप होऊच दिला नाही. दुपारी पाळी सुटली आणि गाव रस्त्यावर आलं. चौकातलं मुबारक यांचं भलंमोठं पोस्टर लोकांनी खाली ओढलं आणि पायांनी तुडवलं. आमच्या गिरणीचा उस्ता (मुख्य मेकॅनिकला तिथे उस्ता म्हणतात, आपल्या उस्तादाचाच भाऊ) माझ्या शेजारी उभा होता. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, थरथरत होता. म्हणाला, "हे मी जन्मात पाहिलं नव्हतं." त्या दोन दिवसांत बाल्कनीत उभा असलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा गोळी लागून मेला. उस्ताला पोलिसांनी नेलं, चार दिवसांनी सोडलं. पाठीवरचे वळ त्याने मला दाखवले, घरी बायकोला दाखवले नव्हते.

कैरोतल्या तरुणांनी आपल्या चळवळीला 'सहा एप्रिल' हे नाव घेतलं ते याच संपावरून. म्हणजे तहरीरच्या तीन वर्षं आधी तहरीर आमच्या गिरणगावात होऊन गेलं होतं.

त्याच्याही मागे जाऊ. १७ जानेवारी १९७७ ला तेव्हाचे अध्यक्ष अन्वर सादात यांच्या सरकारने पीठ, तांदूळ, तेल, साखर यांवरची सबसिडी कापल्याचं जाहीर केलं. कर्ज हवं होतं आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची अट होती. दुसऱ्या दिवशी आस्वानपासून अलेक्झांड्रियापर्यंत देश पेटला. सादात म्हणजे १९७३ च्या युद्धात सुएझ कालवा ओलांडणारे वीर. लोक त्यांनाच विचारत होते : "कालवा ओलांडणाऱ्या वीरा, आमची न्याहारी कुठे?" सत्तरहून जास्त माणसं मेली. सैन्य रस्त्यावर आणावं लागलं आणि दरवाढ मागे घ्यावी लागली. सादात यांनी त्याला 'चोरांचा उठाव' म्हटलं. पण त्यानंतर कुठल्याही सरकारने उघडपणे एकदम भाव वाढवायचं धाडस केलं नाही. भाकरीचं वजन घटत गेलं, पिठात भेसळ होत गेली.

आणि आणखी शंभर वर्षं मागे गेलं की गाठ थेट आपल्या मुंबईशी पडते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग त्यांनी कापूस उचलला तो दोन ठिकाणांहून : मुंबई बंदरातून आणि अलेक्झांड्रियातून. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला. मुंबईत शेअर बुडाले, बँका बुडाल्या. इजिप्तमध्ये खेदीव (तिथला राज्यकर्ता) इस्माईल यांनी त्या तेजीच्या भरवशावर कालवे, रेल्वे, राजवाडे यांसाठी युरोपातून कर्ज उचललं होतं, आणि तेजी संपल्यावरही ते उचलतच राहिले. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे शेअर ४० लाख पौंडांना ब्रिटनला विकले, पुढच्या वर्षी देश दिवाळखोर. कर्ज नऊ कोटी पौंडांच्या आसपास. मग सावकारांचे प्रतिनिधी कैरोत येऊन बसले आणि करवसुली त्यांच्या नजरेखाली सुरू झाली. वसुली कोणाकडून? फल्लाहकडून, म्हणजे शेतकऱ्याकडून.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तिथे दर पिढीत एक करार होतो. राज्यकर्ता म्हणतो, भाकरी मी देतो, तोंड तुम्ही मिटा. ज्या दिवशी भाकरी कमी पडते त्या दिवशी लोक तोंड उघडतात. आणि तोंड उघडलं की नुसती भाकरी मागत नाहीत, आजवर गिळलेलं सगळंच मागतात.

पण मला स्वतःला न सुटलेला प्रश्न असा : दर वेळी शेवटी भट्टीपुढे सैन्यच कसं उभं असतं? जाणकारांनी लिहावं.

---

इतिहासवेडी

मागवाला, फार दिवसांनी कोणी तिथे राहून, रांगेत उभं राहून लिहिलेलं वाचलं. दोन-तीन गोष्टींची भर घालते.

सैन्याचं उत्तर तुमच्याच कर्जाच्या गोष्टीत आहे. सावकारांनी खर्च कापायला लावला तेव्हा कात्री सैन्यावर चालली. बढत्या परदेशी वंशाच्या तुर्की-सर्केशियन सरदारांना आणि घरी पाठवायचे ते इजिप्शियन शेतकऱ्यांच्या पोटी जन्मलेले अधिकारी. त्यांच्यातला एक कर्नल, अहमद उराबी. सप्टेंबर १८८१ मध्ये तो पलटण घेऊन अब्दीन राजवाड्यासमोर उभा राहिला आणि मागितलं काय, तर प्रतिनिधीगृह आणि संविधान. 'इजिप्त इजिप्शियनांचा' ही घोषणा त्या चळवळीची. जुलै १८८२ मध्ये ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या, १३ सप्टेंबरला तल अल-कबीरला उराबीचा पराभव झाला. त्या मोहिमेत हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही होत्या, हे आपण विसरतो. उराबीला सिलोनला हद्दपार केलं, १९०१ पर्यंत तो परतू शकला नाही. म्हणजे लोकांच्या मनात 'आपल्यातला, शेतकऱ्याचा पोर, जो राजासमोर उभा राहिला' ही प्रतिमा गणवेशातल्या माणसाची आहे. १९५२ मध्ये राजाला हटवून सत्ता घेणारे लष्करी अधिकारी नासर यांना हीच प्रतिमा आयती मिळाली.

दुसरं, २५ जानेवारीची तारीख. हा तिथला 'पोलीस दिन'. २५ जानेवारी १९५२ ला इस्माईलियात ब्रिटिश फौजेने इजिप्शियन पोलिसांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितली. त्यांनी नकार दिला आणि पन्नासच्या आसपास पोलीस मारले गेले. दुसऱ्या दिवशी संतापलेल्या कैरोत जाळपोळ झाली, सहा महिन्यांत राजा फारूक यांना अलेक्झांड्रियाहून 'महरूसा' नौकेत बसून जावं लागलं. २०११ च्या तरुणांनी ती तारीख मुद्दाम निवडली. जे पोलीस कधी काळी देशासाठी मेले, तेच आता अलेक्झांड्रियात खालेद सईदसारख्या तरुणाला लोकांदेखत मारून टाकतात (जून २०१०), हे त्यांना दाखवायचं होतं.

आणि १९१९ विसरू नका हो. स्वातंत्र्य मागणारे पुढारी साद झगलूल यांना ब्रिटिशांनी मार्चमध्ये माल्टाला धाडलं आणि सगळा देश उठला. बायका बुरख्यासह मोर्चे काढून रस्त्यावर आल्या. मोर्चाच्या झेंड्यांवर चंद्रकोर आणि क्रॉस एकत्र होते. त्या उठावात सैन्य नव्हतं. वकील, विद्यार्थी, ट्रामवाले, शेतकरी होते. त्यातून १९२२ चं अर्धंमुर्धं स्वातंत्र्य आणि १९२३ चं संविधान आलं.

---

गोदाकाठ

लेख आवडला. पण मी स्पष्ट बोलतो. एवढं सगळं होऊन हाती काय आलं? २०१२ ला निवडणूक झाली, मुस्लिम ब्रदरहुड या धार्मिक संघटनेचे मोर्सी निवडून आले, वर्षभरात सैन्याने त्यांना काढलं, आता तेव्हाचे सेनाप्रमुख सिसी अध्यक्ष आहेत आणि मुबारक बरे होते म्हणायची वेळ आली. लिबिया फुटला, येमेन उपाशी, सीरियात तेरा-चौदा वर्षं रक्त वाहिलं. त्या मातीत लोकशाही रुजत नाही, असं म्हटलं की लोकांना राग येतो, पण मग दुसरं काय म्हणायचं?

---

निळी शाई

गोदाकाठ, रागाचा प्रश्न नाही, पण 'मातीत रुजत नाही' हे विधान तारखांपुढे टिकत नाही. ट्युनिसमध्ये, म्हणजे आजच्या ट्युनिशियात, लिखित संविधान १८६१ साली लागू झालं. कैरोत पहिली सल्लागार सभा १८६६ ची. १८६१ च्या संविधानाचं काय झालं ते बघा : तिथल्या बेने (राज्यकर्त्याने) कर्ज काढलं, कर दुप्पट केला, १८६४ ला उठाव झाला आणि संविधान गुंडाळलं गेलं. मग कर्जाच्या मागोमाग १८८१ ला फ्रान्स आला. सीरियात १९५४ साली बऱ्यापैकी मोकळी निवडणूक झाली होती. पेरणी पुन्हा पुन्हा झाली आहे. उपटलं कोणी, हे दर वेळी वेगळं पाहावं लागेल.

मागवाला यांच्या भाकरीच्या मुद्द्याला मी आणखी दोन देश जोडतो. ट्युनिशियात डिसेंबर १९८३ च्या अखेरीस सरकारने ब्रेडचा भाव एकदम दुपटीवर नेला. दंगे झाले, माणसं मेली, आणि ६ जानेवारी १९८४ ला वृद्ध अध्यक्ष बुर्गिबा यांनी दूरचित्रवाणीवर येऊन भाव पूर्ववत केल्याचं सांगितलं. १७ डिसेंबर २०१० ला मोहम्मद बुआझीझीने सिदी बूझिद गावात सरकारी कार्यालयासमोर स्वतःला पेटवून घेतलं. तो हातगाडीवर फळं-भाजी विकणारा होता, आणि मोर्चात लोक हातात लांब पाव उंचावून चालत होते. १४ जानेवारी २०११ ला अध्यक्ष बेन अली पळाले.

सुदान तर अगदी सरळ उदाहरण. १९ डिसेंबर २०१८, अतबारा. नाईलकाठचं रेल्वे कामगारांचं गाव. ब्रेड एका पौंडाचा तीन पौंड झाला, शाळकरी मुलं बाहेर पडली. चार महिन्यांत तीस वर्षांची बशीर यांची सत्ता गेली. १९८५ मध्ये तिथलेच आधीचे सत्ताधीश निमेरी गेले तेव्हाही सुरुवात भाववाढीनेच झाली होती. आणि दोन्ही वेळा शेवटी खुर्चीवरून उठवलं ते सैन्याने. तेच सैन्य आणि त्याच्याच सोबतचं निमलष्करी दल एप्रिल २०२३ पासून एकमेकांशी लढू लागले आणि त्यात राजधानी खार्तुम उद्ध्वस्त झालं. मागवाला यांचा प्रश्न फक्त इजिप्तचा नाही.

---

तिसरी पाळी

+१. मी लालबागची. आई-बाबा दोघं गिरणीत. "बायका इथे आल्या, पुरुष कुठे आहेत" हे वाचून थांबले आणि बाबांना वाचून दाखवलं. ते विचारतात, त्या गिरणीत युनियन कोणाची होती? आणि २०११ मध्ये कामगार कुठे होते? टीव्हीवर तर सगळे मोबाइलवाले कॉलेजचे पोरंपोरी दिसायचे.

---

मागवाला

तिसरी पाळी, तुमच्या बाबांनी नेमकं बोट ठेवलं. युनियन एकच, सरकारी. नासर यांच्या काळात १९५७ मध्ये एकच महासंघ झाला, दुसरा काढायची परवानगी नव्हती. डिसेंबर २००६ च्या संपात गिरणीतली सरकारी युनियन कामगारांच्या विरुद्ध उभी होती. लोकांनी हजारोंच्या सह्या गोळा करून तिच्या पुढाऱ्यांना हटवायची मागणी केली.

२०११ मध्ये कामगार होतेच, पण कामगार म्हणून नाही, गावकरी म्हणून. कारखाने सरकारने बंदच ठेवले होते. इंटरनेट बंद, मोबाइल बंद, बँका बंद. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कारखाने पुन्हा उघडले आणि उघडताच संप सुरू झाले. सुएझ कालव्याच्या सेवा कंपन्या, कैरोच्या बस, टपाल, महल्लाची मोठी गिरणी. हे सगळं ८, ९, १० फेब्रुवारीला. ११ ला मुबारक गेले. चौकाने त्यांना हलवलं हे खरं, पण शेवटचा धक्का थांबलेल्या यंत्रांचा होता असं मी मानतो. त्या रात्री आमच्या गल्लीत भट्टीवाल्याने भाकऱ्या फुकट वाटल्या.

तोवर आमच्यातले बरेच भारतीय एअर इंडियाच्या खास विमानांनी कैरोहून मुंबईला गेले होते. मी मागे राहिलो कारण उस्ताच्या घरी मी सुरक्षित होतो. त्या अठरा दिवसांत गल्लीतली पोरं रात्रभर काठ्या घेऊन पहारा द्यायची, मीही दिला. सरकारी चौकशी समितीनेच पुढे मृतांचा आकडा किमान ८४६ दिला. परदेशी माणसाच्या केसालाही आमच्या गल्लीत धक्का लागला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन.

आता सैन्य आणि कामगार यांच्याबद्दल एक गोष्ट, जी मला उस्तानेच सांगितली आणि मी नंतर पडताळली. जुलै १९५२ मध्ये नासर आणि त्यांच्या साथीदारांनी सत्ता घेतली. तीन आठवड्यांत कफ्र अल-दव्वार या कापडगिरणीच्या गावात संप झाला. कामगार नव्या सैन्याचा जयजयकार करत होते, त्यांना वाटलं आपलं राज्य आलं. सैन्याने संप मोडला, लष्करी न्यायालय बसवलं आणि ७ सप्टेंबरला मुस्तफा खमीस आणि मोहम्मद अल-बकरी या दोन कामगारांना फाशी दिलं. त्याच महिन्यात, अवघ्या दोन दिवसांनी, जमीनसुधारणा कायदा आला, कमाल धारणा २०० फद्दान (फद्दान म्हणजे साधारण एक एकर). कराराची दोन्ही कलमं एकाच आठवड्यात लिहिली गेली. जमीन देऊ, फुकट शिक्षण देऊ, पदवीधराला सरकारी नोकरी देऊ, स्वस्त भाकरी देऊ. पण मागायचं नाही, आम्ही देऊ.

माझ्या पिढीतल्या इजिप्शियन माणसाचे आईवडील या करारामुळे शाळेत गेले. नासर यांच्याबद्दल ते वाईट बोलू शकत नाहीत, आणि मीही त्यांना तसं बोलायला सांगणार नाही. १९६७ चा एवढा मोठा पराभव झाल्यावर नासर यांनी राजीनामा दिला तर लोक रडत रस्त्यावर आले की जाऊ नका.

---

खाडीपलीकडे

माझे वडील रत्नागिरीहून १९७८ ला कुवेतला गेले. त्यांच्या खोलीत दोन इजिप्शियन सुतार होते. वडील सांगत, त्यातला एक शिक्षक होता, सरकारी शाळेतला, पण पगारात भागेना म्हणून रंधा हातात घेतला. मागवाला म्हणतात तो करार ऐंशीच्या दशकात मोडायला हवा होता. तो मोडला नाही कारण १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि लाखो माणसं आखाती देशांत, इराकमध्ये आणि लिबियात कामाला गेली. घरी पैसे येत राहिले. जसे आमच्या दापोली-चिपळूण पट्ट्यात यायचे.

ऑगस्ट १९९० ला सद्दाम यांनी कुवेत घेतलं. वडील आणि ते दोघं सुतार एकाच ट्रकमधून इराक ओलांडून जॉर्डनच्या सीमेवर आले, वाळवंटातल्या तंबूत पाण्यासाठी एकाच रांगेत राहिले. अम्मानहून एअर इंडियाने वडिलांना मुंबईला आणलं. एकूण पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय तसे परत आले. त्या सुतारांचं पुढे काय झालं, वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही, ते अधूनमधून त्यांचा विषय काढायचे.

युद्धात अमेरिकेच्या बाजूने उभं राहिल्याबद्दल इजिप्तचं मोठं कर्ज माफ झालं. मुबारक यांना आणखी वीस वर्षं मिळाली ती अशी.

आणि राजेशाह्या का टिकल्या याचंही उत्तर भाकरीत आहे. २०११ च्या जानेवारीत, तहरीर पेटायच्या आधीच, कुवेतच्या अमिरांनी प्रत्येक नागरिकाला १००० दिनार आणि वर्षभराहून जास्त काळ मोफत शिधा जाहीर केला. बहरीनकडे तेवढा पैसा नव्हता. तिथे मार्चमध्ये सौदी फौज पुलावरून आली आणि ज्या पर्ल चौकात लोक जमले होते तो चौकच, मधल्या स्मारकासकट, पाडून टाकला. मी तेव्हा बहरीनच्या राजधानीत, मनामात, नोकरीला होतो. रोजच्या रस्त्यावरचा चौक एका दिवसात नाहीसा झालेला मी पाहिला आहे.

---

गोदाकाठ

निळी शाई, १८६१ मला ठाऊक नव्हतं. 'मातीत रुजत नाही' हे मी मागे घेतो.

पण माझा खरा सल वेगळा आहे. २०१३ मध्ये सैन्याने मोर्सींना काढलं तेव्हा त्याच चौकात तीच माणसं टाळ्या वाजवत होती. हेलिकॉप्टरकडे बघून झेंडे हलवत होती. ज्यांनी स्वातंत्र्य मागितलं त्यांनी दोन वर्षांत ते परत कसं दिलं? मागवाला, तुमच्या उस्तांनी काय केलं?

---

मागवाला

गोदाकाठ, या प्रश्नाची मला भीती होती. खरं सांगतो.

उस्ता त्या दिवशी, ३ जुलैला, टाळ्या वाजवणाऱ्यांत होता. मला फोन केला, मागे फटाक्यांचे आवाज. म्हणाला, सुटलो. मी विचारलं, पाठीवरचे वळ विसरलास? तो म्हणाला, ते पोलिसांनी दिले होते, सैन्याने नाही.

हे वाक्य मी कित्येक महिने मनात घोळवलं. इतिहासवेडी यांनी उराबीचं लिहिलं तेव्हा ते मला नीट उलगडलं. सैन्यात सक्तीची भरती आहे, घराघरातला मुलगा तिथे जाऊन येतो. पोलीस म्हणजे सरकार, सैन्य म्हणजे आपला मुलगा, असा तो हिशेब. २००८ मध्ये पोलीस रांगेत दांडके चालवत होते आणि सैन्य भाकऱ्या भाजत होतं. त्या भाकऱ्या लोकांनी खाल्ल्या आहेत. तेच सैन्य बाटलीबंद पाणी विकतं, शेवयांचे कारखाने आणि पेट्रोल पंप चालवतं, आणि त्याचा हिशेब संसदेला विचारता येत नाही, हे भाकरी घेताना कोणाला दिसतं?

मोर्सी ५१.७ टक्के मतांनी निवडून आले होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी स्वतःचे हुकूम न्यायालयाच्या वर नेऊन ठेवले, तिथे बरेच लोक त्यांच्यापासून तुटले. जून २०१३ मध्ये पेट्रोलच्या रांगा पंपापासून गावाच्या वेशीपर्यंत, दिवसातून अनेकदा वीज जायची. गिरणीत वीज गेली की रिंग फ्रेमवरचे हजारो धागे एकदम तुटतात, ते सांधण्यात अर्धी पाळी जाते, आणि पगार उत्पादनावर. उस्ता त्या चिडीतून बोलत होता.

सहा आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, कैरोच्या राबा चौकात मोर्सी समर्थकांचं ठाण उठवताना एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली गेली, असं ह्युमन राइट्स वॉचने नोंदवलं. उस्ताचा पुतण्या तिथे होता. वाचला, पण पुढे काही वर्षं तुरुंगात गेली. नोव्हेंबरमध्ये मोर्चाबंदीचा कायदा आला. त्यात पहिल्यांदा आत गेले ते २०११ चे तरुणच, 'सहा एप्रिल'वाले. त्यानंतर उस्ता माझ्याशी फोनवर राजकारण बोललेला नाही. मीही काढत नाही.

म्हणून त्यांनी स्वातंत्र्य परत दिलं असं मला म्हणवत नाही. त्यांच्यापुढे दोन दारं होती आणि दोन्हींच्या आत कोणी ना कोणी चावी घेऊन बसलेलं होतं. तिसरं दार बांधायला पक्ष लागतात, मोकळ्या युनियन लागतात, वर्तमानपत्रं लागतात. ती साठ वर्षं बांधूच दिली नव्हती, अठरा दिवसांत कुठून येणार? ट्युनिशियात मोठी जुनी कामगार संघटना होती, म्हणून तिथे २०१३ चा पेच बोलणी करून सुटला आणि २०१५ ला तिच्यासह चार संस्थांना नोबेल मिळालं. तिथेही जुलै २०२१ मध्ये अध्यक्षांनी संसद बंद पाडली, हे मला माहीत आहे. पण दहा वर्षं तिथे लोकांनी मोकळेपणाने मतं दिली, हेही घडलेलंच आहे.

---

अबोली

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय. ती ५ पियास्तरची भाकरी आता केवढ्याला आहे? आणि २०२२ मध्ये आपण इजिप्तला गहू देणार होतो ना?

---

मागवाला

अबोलीताई, लिहीत जा.

युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हा इजिप्तचा बहुतेक आयात गहू रशिया आणि युक्रेनमधून येत होता. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी भारताला मान्यता दिली. मे महिन्यात आपल्याकडे उन्हाने पीक घटलं, भाव चढले आणि आपण निर्यातच थांबवली. इजिप्तसाठी कांडला बंदरात भरत असलेलं एक जहाज मात्र जाऊ दिलं. मी त्या वेळी उस्ताला सांगितलं, तुझ्या ताटात आता आमचा गहू येईल. त्याने विचारलं, तुमच्याकडे पुरतो का?

पौंड तेव्हापासून कोसळत गेला. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला १६ च्या आत होता, मार्च २०२४ मध्ये ५० च्या जवळ. आणि १ जून २०२४ पासून रेशन कार्डावरची भाकरी ५ पियास्तरवरून २० पियास्तर झाली. तीस-पस्तीस वर्षांनी पहिली वाढ, ती एकदम चौपट. जवळजवळ सात कोटी लोक या कार्डावर आहेत, माणशी रोज पाच भाकऱ्या. वजन त्याआधीच, २०२० मध्ये, ११० ग्रॅमवरून ९० वर आणलं होतं.

देश पेटला नाही. दंगा झाला नाही. १९७७ मध्ये एवढ्यावर सैन्य आणावं लागलं होतं.

मी उस्ताला विचारलं होतं, राजकारण म्हणून नाही, घरखर्च म्हणून. तो आता निवृत्त आहे, नातवंडं धरून घरात सात माणसं. म्हणाला, सात जणांच्या पस्तीस भाकऱ्या, आधी पावणेदोन पौंड, आता सात. आणायला अजून सकाळी तोच जातो. भट्टीतून निघालेल्या गरम भाकऱ्या एकावर एक ठेवल्या तर चिकटतात, म्हणून लोक त्या रस्त्यातच गाड्यांच्या बॉनेटवर, भिंतीवर, कट्ट्यावर एकेक पसरून वाफ जाऊ देतात आणि मग घरी नेतात. मी असतानाही तो तसंच करायचा. तेवढ्या वेळात शेजारीपाजारी भेटतात, बोलणं होतं. आता बोलणं काय होतं, असं मी विचारलं. म्हणाला, भाकऱ्या गार होईपर्यंत सगळे उभे राहतो.